फ्लूची लस आणि आमच्या सिस्टरांची तयारी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२०२० सालच्या डिसेंबरअखेर इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडू लागले होते, हे आपल्या पुष्कळ वाचकांना आठवत असेल. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत नमुने तपासले गेले आणि एच५एन८ हा बर्ड फ्लूचा विषाणू निघाला. त्या दिवसांत सगळ्यांचे डोळे कोरोनाच्या लशीकडे लागलेले. २ जानेवारीला देशभर लसीकरणाची रंगीत तालीम झाली, १६ जानेवारीला टोचायला सुरुवात झाली आणि कावळ्यांची बातमी मागे पडली. त्या विषाणूनं आपल्याकडे माणसांना धरलं नाही. पुढे २०२५च्या सुरुवातीला आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाड्यात, घरच्या मांजरांमध्ये एच५एन१ सापडल्याचं वाचलं आणि मला ते कावळे पुन्हा आठवले. उद्या असा एखादा विषाणू माणसामाणसांत पसरू लागला, तर लस बनवणारे कारखाने आपल्या देशात आहेत आणि ते लस बनवतीलही. माझी काळजी आहे ती शेवटच्या वीतभर अंतराची, सिस्टरच्या हातातल्या सिरिंजपासून समोरच्या माणसाच्या दंडापर्यंतची. त्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी सांवेर तहसिलीत एएनएम, म्हणजे गावोगाव लस टोचणारी सिस्टर, म्हणून नोकरीला लागले, पुढे एलएचव्ही, म्हणजे एएनएमवर देखरेख करणारी, झाले आणि निवृत्तीआधीची बरीच वर्षं इंदूर शहरातल्या दवाखान्यांमधल्या सिस्टरांना लसीकरण शिकवण्यात गेली. आमच्याकडे मंगळवार-शुक्रवार हे लसीकरणाचे वार. त्या दिवशी उन्हातान्हात लस थंड ठेवणारा कॅरिअर खांद्याला लावून निघणाऱ्या बायकांचं काम मी स्वतः केलं आहे आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तेव्हा पुढे जे लिहिते आहे, ते त्यांच्याविरुद्ध कुणी समजू नये. त्यांना वेळेवर आणि नीट शिकवलं जावं, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

फ्लू म्हणजे काढा घेऊन दोन दिवस पडून राहायचं दुखणं, असा आपल्याकडे समज आहे. दर वर्षीच्या फ्लूत पुष्कळांच्या बाबतीत तो खराही ठरतो. साथीच्या फ्लूची गोष्ट वेगळी. विषाणूचं रूप इतकं पालटलेलं असतं की जवळजवळ कुणाच्याच अंगात त्याला अडवण्याची ताकद नसते. २००९ साली स्वाइन फ्लूच्या वेळी हेच झालं. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनं जागतिक साथ जाहीर केली आणि ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांची शाळकरी मुलगी गेली. आपल्या देशातला तो पहिला मृत्यू. आमच्या लोकमान्य नगरात जवळपास प्रत्येक घराचं कुणी ना कुणी पुण्यात असतं. त्या ऑगस्टमध्ये घराघरांतून फोन चालले होते आणि प्रत्येक फोनवर एकच प्रश्न, लस कधी येणार? देशात बनलेल्या लशी बाजारात यायला २०१०चा जून-जुलै उजाडला. तोवर हजारावर माणसं गेली होती. १० ऑगस्ट २०१० ला साथ संपल्याचं जाहीर झालं, पण विषाणू कुठे गेला नाही. २०१५ साली त्यानं देशात ४२ हजारांवर लोकांना गाठलं आणि त्यातले जवळपास तीन हजार दगावले.

नवा विषाणू सापडल्यापासून लशीचे पहिले डोस हातात यायला पाच-सहा महिने लागतात. हा काळ आपण नुसता वाट पाहण्यात घालवतो. टोचणाऱ्यांना शिकवायचं ते याच काळात, आणि त्याच्याही आधी.

इंदूरला हे जमणार नाही असं मुळीच नाही. २१ जून २०२१ ला या शहरानं आणि जिल्ह्यानं एका दिवसात दोन लाखांहून जास्त लोकांना कोरोनाची लस दिली. त्या दिवशी पहाटे कॅरिअर भरून घेणाऱ्या आणि रात्री शेवटच्या नोंदी पुऱ्या करून घरी परतणाऱ्या मुलींना मी ओळखते. मला त्यांचा अभिमान आहे. पण ते यश जूनमधलं आहे. जानेवारीपासूनच्या पाच महिन्यांत आमच्या सिस्टर काम करता करता शिकल्या, अडल्या, एकमेकींना विचारत पुढे गेल्या. फ्लूची लाट तेवढा अवधी देईलच असं नाही. शिवाय त्या वेळी तयार झालेल्या कितीतरी मुली कंत्राटावर होत्या. कुणी दुसऱ्या शहरात गेल्या, कुणी खासगी दवाखान्यांत. नव्या आलेल्यांनी मोठ्या माणसांचं असं लसीकरण अजून पाहिलेलंही नाही.

प्रशिक्षण कसं होतं, तेही सांगते. कोरोनाच्या लसीकरणाआधीचं एक माझ्या डोळ्यांपुढे आहे. कुठलं ते लिहीत नाही, कारण तसं ते बऱ्याच ठिकाणी झालं. मोठं सभागृह, शंभरावर जणी, पडद्यावर इंग्रजी स्लाइडी. बोलणारे डॉक्टर जाणकार होते, तळमळीनं बोलत होते, पण वेळ थोडा आणि विषय पंधरा. मध्ये जेवणाची पाकिटं, शेवटी हजेरीची सही. मागच्या रांगेतल्या एका एएनएमनं मला हळूच विचारलं, "दीदी, दस डोस की शीशी में से ग्यारहवाँ निकल आया, तो देना है कि फेंकना है?" एवढा कामाचा प्रश्न त्या दिवशी दुसऱ्या कुणी विचारला नसेल! व्हायलमध्ये थोडं जास्त भरलेलं असतं. हात सफाईचा असेल तर अकरावा डोस पुरा निघतो आणि तो द्यायचा असतो. मात्र एका व्हायलमधलं उरलेलं आणि दुसरीतलं उरलेलं मिळून एक डोस कधीही करायचा नाही. हे सांगायला एक मिनिट लागतं. पण शंभर जणींच्या सभागृहात तो प्रश्न मंचापर्यंत पोचलाच नाही. पंधरा-वीस जणींचा गट असता तर तिनं उभं राहून विचारला असता आणि उरलेल्या सगळ्यांना उत्तर मिळालं असतं.

आता टोचण्याचीच गोष्ट घ्या. आमच्या एएनएमचा हात तान्ह्या बाळाच्या मांडीवर बसलेला असतो आणि त्यात त्यांना तोड नाही. फ्लूची लस द्यायची मोठ्या माणसाच्या दंडात. खांद्याच्या टोकाचं हाड बोटानं चाचपायचं, त्याच्या खाली दोन-तीन बोटं सोडायची, तिथला स्नायूचा जाड भाग धरायचा आणि सुई सरळ काटकोनात घालायची. पुस्तकात ते सोपं दिसतं. प्रत्यक्षात समोर साडीतल्या काकू बसलेल्या असतात. ब्लाउजची बाही कोपराच्या जरा वरपर्यंत आणि अंगाला घट्ट. बाही वर सरकत नाही. रांग मोठी, मागून लोक ओरडताहेत, आणि चार हातांवर एक पुरुष कर्मचारी यादी घेऊन उभा. मग काकू संकोचानं गळ्याकडून ब्लाउज थोडा खाली ओढतात आणि जेवढा खांदा उघडा पडतो तेवढ्यात सिस्टर टोचते. ती जागा फार वर येते. सुई स्नायूऐवजी सांध्याजवळ जाते, मग कित्येक आठवडे हात वर होत नाही. पदर घ्यायला, वेणी घालायलासुद्धा त्रास. आणि ती काकू वाड्यात सगळ्यांना सांगते की लस घेतली आणि हात गेला. लशीत काही दोष नव्हता. एक पडदा, एक आडोशाची खुर्ची, आणि "काकू, एक बाही पूर्ण काढा, इथे कुणी येणार नाही" हे सांगण्याइतकी सवड असती, तर हे झालं नसतं. सत्राच्या जागेची पाहणी करणारे टेबलं मोजतात, पंखे बघतात. पडदा आहे का, हे मी दर वेळी विचारत असे आणि लोक माझ्याकडे आश्चर्यानं बघत.

पुरुषांच्या बाबतीत उलट. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापासून वर गुंडाळत नेलेला, दंडाच्या मध्यावर येऊन अडकलेला. मग टोचणं फार खाली जातं. बसवून शर्टाचा हात काढायला सांगायचा आणि आपणही बसून टोचायचं. उभ्यानं टोचलं की हात हमखास वर जातो.

थंडीबद्दल थोडं. फ्लूची लस दोन ते आठ अंशांत ठेवायची आणि गोठू द्यायची नाही. उष्णतेची भीती आमच्या सिस्टरांच्या अंगात इतकी भिनलेली आहे की फ्रीजरमधून काढलेले दगडासारखे आइसपॅक त्या तसेच्या तसे कॅरिअरमध्ये भरतात. पॅक बाहेर ठेवून घाम फुटू द्यायचा आणि कानाशी हलवून बघायचा. नारळ हलवल्यावर आतलं पाणी ऐकू येतं, तसं पाणी वाजलं की मग भरायचा. इथे एक बारीक गोष्ट आहे, जी शिकवल्याशिवाय कळत नाही. लहान बाळांच्या ट्रिपल किंवा पेंटा लशीची व्हायल गोठली असावी अशी शंका आली, तर आम्ही शेक टेस्ट करतो: हलवून ठेवायची आणि साका लवकर खाली बसतो का ते पाहायचं. ही कसोटी अ‍ॅल्युमिनियमचं मीठ असलेल्या लशींनाच लागू पडते. फ्लूच्या बऱ्याच लशींत ते नसतं. त्या गोठून खराब झाल्या तरी डोळ्यांना काही दिसत नाही. व्हायलवरचा व्हीव्हीएमचा चौकोनही फक्त उष्णता दाखवतो, गोठणं नाही. म्हणजे जिच्यावर इतकी वर्षं भरवसा ठेवला, ती कसोटी इथे उपयोगाची नाही, हे सिस्टरला आधीच माहीत पाहिजे. ऐनवेळी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफमधून ते कळणार नाही.

शिवाय साथीच्या वेळी हातात कुठली लस पडेल, ते आधी सांगता येत नाही. २००९ च्या ऑक्टोबरात ब्रिटननं लसीकरण सुरू केलं तेव्हा तिथल्या नर्सांपुढे दोन वेगळ्या लशी होत्या. पँडेम्रिक्स दोन व्हायलींत यायची. एकीत विषाणूचा अंश, दुसरीत त्याची ताकद वाढवणारं तेलकट मिश्रण. दोन्ही आधी खोलीच्या तापमानाला आणायच्या, एकत्र करायच्या, त्यातून दहा डोस, आणि मिसळल्यापासून चोवीस तासांत संपवायच्या. दुसरी सेल्व्हापॅन, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी, तिचे डोस दोन आणि मध्ये तीन आठवडे. आपल्याकडे २०१० साली झायडस कॅडिलाची टोचायची लस आली आणि सीरम इन्स्टिट्यूटची नाकात सोडायची. नाकातली लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची, म्हणून गरोदर बाईला चालत नाही. टोचायची मेलेल्या विषाणूची, ती चालते. आणि फ्लूच्या साथीत गरोदर बायकांनाच धोका जास्त. दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणीला येणाऱ्या गरोदर बायकांना कुठली लस द्यायची आणि कुठली द्यायची नाही, हा घोळ एका सत्रात झाला तरी तो सगळ्या शहराला महागात पडेल. कोरोनात कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी चार आठवडे होतं, मग सहा ते आठ, आणि मे २०२१ मध्ये बारा ते सोळा आठवडे झालं. लोकांनी टेबलाशी बसलेल्या सिस्टरशीच वाद घातले. नियम का बदलला, हे तिला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. त्यासाठी ते आधी कुणीतरी तिला नीट समजावलेलं असलं पाहिजे.

सगळ्यात जास्त भीती वाटते ती रिअ‍ॅक्शनची, आणि सरावही सगळ्यात कमी त्याचाच. टोचल्यावर चक्कर येऊन पडणारे पुष्कळ असतात, त्यातही तरुण मुलं जास्त. चेहरा पांढरा पडतो, घाम फुटतो, नाडी मंद होते. आडवं करून पाय उंच केले की मिनिटा-दोन मिनिटांत माणूस बोलू लागतो. अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारा अ‍ॅलर्जीचा झटका, फार क्वचित, पण तो झाला तर अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, आवाज घोगरा होतो, नाडी जोरात आणि बारीक चालते. तिथे वाट बघायची नसते. अ‍ॅड्रेनालिन, मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर, मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला, स्नायूत. हा पहिला डोस एएनएमनं द्यायचा, असं केंद्राच्या सूचनांत आता स्पष्ट आहे. कागदावर ते आलं, हातात आलेलं नाही. मी शिकवायला जायची तेव्हा रिअ‍ॅक्शनसाठीचं किट उघडायला लावायची. कुठे अ‍ॅम्प्यूलची, म्हणजे औषधाच्या काचेच्या बंद कुपीची, तारीख उलटलेली, कुठे सिरिंज आहे तर सुई नाही. मग प्रत्येकीच्या हातात पाण्याची अ‍ॅम्प्यूल देऊन ती फोडायला, औषध ओढायला आणि संत्र्यात टोचायला लावायची. शांतपणे बसलेली असताना जमतं. "चला, समोरच्या दादांचा श्वास कोंडलाय" असं मी ओरडले की अनुभवी बायकांच्याही बोटांत काच मोडायची. त्याच बायकांनी दुपारपर्यंत दहा-बारा वेळा तेच केलं, की हात थरथरायचा थांबायचा. हा सराव दर वर्षी व्हायला हवा, कारण प्रत्यक्षात असा प्रसंग एखादीच्या सगळ्या नोकरीत एकदाही येत नाही, आणि येतो तेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसतो.

आणि मग तो प्रश्न, जो प्रत्येक टेबलावर विचारला जातो, "सिस्टर, आपने खुद लगवाया क्या?"

याचं उत्तर "हो" असेल तर निम्मं काम झालं. आणि इथेच आपण कमी पडलो आहोत. २०१० साली केंद्रानं आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी स्वाइन फ्लूच्या लशीचे १५ लाख डोस बाहेरून मागवले होते, पण घ्यायला पुष्कळ जण पुढे आलेच नाहीत. १६ जानेवारी २०२१ ला पहिल्या दिवशी सुमारे तीन लाख आरोग्य कर्मचाऱ्यांना टोचायचं ठरलं होतं. सुमारे १ लाख ९१ हजार आले. नोंदणीचं अ‍ॅप अडलं हे खरं, पण मनं अडली हेही तितकंच खरं. डॉक्टर-नर्सच घाबरतात म्हणून लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. आजारी माणसं रोज बघणाऱ्याला शंका जास्त येतात, आणि त्या शंकांना कुणी नीट बसून उत्तर दिलेलं नसतं.

उत्तर द्यायचं तर खरं द्यायला हवं. अमेरिकेत १९७६ साली फोर्ट डिक्स या लष्करी तळावर नवा स्वाइन फ्लू दिसला म्हणून चार कोटींहून जास्त लोकांना घाईनं लस दिली गेली. साथ आलीच नाही. उलट लस घेतलेल्यांत दर लाखामागे साधारण एकाला जास्तीचा जीबीएस झाला आणि डिसेंबरात कार्यक्रम थांबवावा लागला. हातापायांतली ताकद घालवणारं हे नसांचं दुखणं पुण्यातल्या २०२५ च्या उद्रेकानंतर आपल्या लोकांना ठाऊक आहेच; तिथलं कारण निराळं होतं, दुखणं तेच. २००९ नंतर फिनलंड आणि स्वीडनमध्ये पँडेम्रिक्स घेतलेल्या मुलांमध्ये नार्कोलेप्सी, म्हणजे अवेळी अनावर झोप येण्याचा विकार, नेहमीपेक्षा जास्त आढळला. हे सिस्टरांना शिकवायचं की लपवायचं? माझं स्पष्ट मत आहे, शिकवायचं. कारण हे मोबाइलवर अर्धवट आणि तिखटमीठ लावून येणारच आहे. जिला आधीच खरं माहीत आहे, ती शांतपणे सांगू शकते की असा त्रास लाखांत कितीला झाला, तो कसा पकडला गेला, पुढे काय बदललं, आणि त्यासमोर फ्लूनं किती माणसं नेली. तिला हेही सांगता आलं पाहिजे की टोचायच्या फ्लूच्या लशीतला विषाणू मेलेला असतो, त्यानं फ्लू होत नाही. अंग दुखतं, कसकस येते, ती एक-दोन दिवसांत जाते. लस अंगात भिनायला दोनेक आठवडे लागतात, त्या मधल्या दिवसांत फ्लू गाठू शकतो. आणि शहरात रोज कुणाला तरी हार्ट अटॅक येतोच. लाखो लोकांना लस दिली की त्यातल्या काहींना तो लशीनंतरच्या आठवड्यातही येणार. म्हणून प्रत्येक गंभीर घटना चोवीस तासांत वर कळवायची, तपासायची आणि तपासातून जे निघेल ते लोकांना सांगायचं. कळवणाऱ्या सिस्टरलाच दोषी धरलं, तर पुढच्या वेळी कुणी कळवणार नाही.

विश्वास गेला की काय होतं, ते आपण इथेच पाहिलं आहे. १ एप्रिल २०२० ला टाटपट्टी बाखलमध्ये आरोग्य पथकावर दगडफेक झाली. अफवा पसरल्या होत्या, माणसं भ्यायलेली होती. पथकातल्या दोन जखमी महिला डॉक्टर दुसऱ्याच दिवशी पुन्हा त्याच वस्तीत कामाला गेल्या. त्यांच्या धैर्याला माझा नमस्कार आहे. पण आमच्या मुलींवर असं धैर्य दाखवायची वेळ यायलाच नको, आणि त्यासाठी त्या-त्या गल्लीतल्या आशा कार्यकर्तीला पहिल्या दिवसापासून प्रशिक्षणात बसवायला हवं. दार तिच्या हाकेवर उघडतं. प्रत्यक्षात तिला नुसती यादी आणि निरोप मिळतो.

आता माझं मागणं. आरोग्य कर्मचाऱ्यांनी दर वर्षी फ्लूची लस घ्यावी, अशी शिफारस केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांत आहेच. पण बाजारात एका डोसाला हजार रुपयांच्या वर लागतात. आशा कार्यकर्ती किंवा वॉर्डातली सफाईवाली बाई ती कुठून घेणार? आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा थंडीत चढतो. पावसाळ्याआधीची लस एप्रिल-मेपर्यंत आलेली असते. तर इंदूर जिल्ह्यातल्या सगळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना, शहरातल्या मोठ्या एमवाय रुग्णालयापासून देपालपूरच्या उपकेंद्रापर्यंत, मे महिन्यात ही लस सरकारी खर्चानं द्यावी. आणि ती देताना तेच सत्र साथीची रंगीत तालीम म्हणून चालवावं. सिस्टरांनीच सिस्टरांना टोचायचं. पडदा लावायचा, खांद्याचं हाड चाचपायचं, आइसपॅक कानाशी धरायचा, व्हायलवर उघडल्याची वेळ लिहायची, अर्धा तास बसवून ठेवायचं, अ‍ॅम्प्यूल फोडायची. ज्यांना शंका आहेत त्यांना पंधरा-वीस जणींच्या गटात विचारू द्यायचं, हिंदीत, माळवीत, आपल्या मराठीत, ज्या भाषेत प्रश्न सुचेल त्या भाषेत. नर्सिंग कॉलेजच्या मुली आणि खासगी दवाखान्यांतल्या नर्सांनाही बोलवावं, साथीत त्यांची गरज लागणारच आहे. शेवटी कोण तयार आहे त्याची फोन नंबरांसकट यादी करावी आणि ती दर मेमध्ये नवी करावी. यात लशीचा खर्च सोडला तर नवं काही विकत घ्यावं लागत नाही. कॅरिअर आहेत, सिरिंजा आहेत, जागा आहेत.

हे पत्र जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यांपर्यंत पोचावं, एवढीच आपल्याला विनंती. माझ्यासारख्या निवृत्त झालेल्या बऱ्याच जणी या शहरात आहेत, गुडघे दुखतात पण हात चालतात. अशा सत्रात शिकवायला बोलावलं तर आम्ही मानधन न घेता येऊ. संत्री आमची आम्ही आणू. पाण्याच्या अ‍ॅम्प्यूल तेवढ्या दवाखान्यानं द्याव्यात, आणि दर गटाला निदान अर्धा दिवस मोकळा मिळावा.

आपली,
एक निवृत्त एलएचव्ही
लोकमान्य नगर, इंदूर